फ्रेंचमध्ये बीए करताना फ्रान्सला जायचंय: भाषाकेंद्र बरं की थेट विद्यापीठ?

कवडसा

नमस्कार. पुण्यात बीए फ्रेंचच्या दुसऱ्या वर्षाला आहे. देल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी१ पातळी झालीय, त्यावरची बी२ मार्चमध्ये देणार आहे. आमच्या कॉलेजचा पूर्व फ्रान्समधल्या एका विद्यापीठाशी करार आहे, त्यातून तिसऱ्या वर्षी एक सत्र तिकडे जाता येतं. दुसरा पर्याय म्हणजे बीए पूर्ण करून बझांसों किंवा ग्रनोब्लच्या भाषाकेंद्रात आठ-नऊ महिने राहायचं. भाषा आणि तिथलं जगणं दोन्ही नीट समजायला हवं असेल तर यातलं कुठलं घ्यावं? घरच्यांना किती पैसे दाखवावे लागतात? आणि पहिल्या परीक्षेत आपल्या मुलांना फार कमी गुण पडतात म्हणे, ते का? ज्यांना यातलं नक्की ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मोडीवाचक

बी२चा निकाल हातात येईपर्यंत थांब, कारण निवड त्याच्यावरच ठरते.

भाषाकेंद्रात आठवड्याला साधारण १५ ते २० तास निव्वळ भाषा शिकवतात. बझांसोंचं भाषाकेंद्र, सीएलए, १९५८पासून हेच काम करतंय, शिकवतात उत्तमच. पहिल्या दिवशी चाचणी घेऊन पातळी ठरवतात आणि सत्राच्या शेवटी विद्यापीठाची पदविका मिळते. पण वर्गात शेजारी कोरिया, चीन, कोलंबिया, अमेरिकेहून आलेली मुलं असतात. मधल्या सुट्टीत कानावर पडतं ते त्यांचं शिकाऊ फ्रेंच, नाहीतर इंग्रजी. ए२ किंवा बी१ला याचा फायदाच होतो, बोलायची भीड चेपते. बी२ झाल्यावर मात्र गाडी तिथेच रेंगाळते. त्यामुळे बी२ मिळालं तर करारातून विद्यापीठातच जा. नाही मिळालं तर भाषाकेंद्र, आणि तेही शक्यतो पॅरिस सोडून.

करारातून गेल्यावर शिक्षणशुल्क इथल्याच कॉलेजात भरायचं असतं, तिथे नाही. सेव्हेक नावाचं विद्यार्थी-जीवन शुल्कही अशा विद्यार्थ्यांना माफ असतं. भाषाकेंद्राचे एका सत्राचे दीड-दोन हजार युरो सहज जातात.

विषय निवडताना बहुतेक जण चुकतात. सत्राला ३० क्रेडिट्स लागतात, म्हणून सगळे डोळे झाकून साहित्याचे चार पेपर घेतात आणि डिसेंबरमध्ये रडकुंडीला येतात. दुसऱ्या वर्षाचे पेपर घे, तिसऱ्याचे नकोत. साहित्याचा एक, इतिहास किंवा भाषाविज्ञानाचा एक, परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा फ्रेंचचा एक, आणि इंग्रजी विभागातला भाषांतराचा एक तरी घेच. तिथे फ्रेंच मुलं इंग्रजी शिकत असतात. फ्रेंचमधून इंग्रजीत करायच्या भाषांतराला ‘तेम’ म्हणतात, त्यात आपल्या मुलांचा हात चांगला चालतो आणि वर्गातली मुलं आपणहून विचारायला येतात. इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करायची ‘व्हेर्सियों’ आपल्याला जड जाते, पण फ्रेंच वाक्य कसं वळतं ते तिच्याइतकं दुसरं काहीच शिकवत नाही. ओळखी व्हायलाही हाच वर्ग बरा.

पैशांचं: महिन्याला किमान ६१५ युरो दाखवावे लागतात, म्हणजे दहा महिन्यांचे ६,१५०. जर्मनीसारखं खात्यात पैसे अडकवून ठेवावे लागत नाहीत. पालकांचं हमीपत्र आणि बँकेचं विवरण चालतं. पण ६१५ हा व्हिसापुरता आकडा आहे. त्यात पॅरिसमध्ये भागत नाही, आणि लहान गावातसुद्धा वसतिगृहात खोली मिळाली तरच हातातोंडाची गाठ पडते. सरकारी घरभाडे-मदत मिळेल असं धरून हिशेब मांडू नकोस, परदेशी विद्यार्थ्यांसाठी ते नियम कडक होत चाललेत. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं, पण पहिल्या सत्रात त्या कमाईचा भरवसा धरू नये.

क्रम असा: कॉलेजची शिफारस, तिकडचं प्रवेशपत्र, कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर अर्ज आणि मुलाखत, मग व्हिसा. व्हिसाचा अर्ज निघण्याच्या तीन महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत, म्हणून बाकीचं सगळं त्याआधी उरकलेलं हवं. मुलाखतीत ‘फ्रान्स आवडतं’ एवढ्याने भागत नाही; कुठले पेपर घेणार आणि ते इथल्या अभ्यासक्रमात कुठे बसतात हे विचारतात.

पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. शुल्क भरलं की पाच मिनिटांचं काम, पण ते राहिलं तर तिथलं राहणंच बेकायदा ठरतं आणि सुट्टीत घरी आल्यावर परतीची वाट बंद होते. पहिल्याच आठवड्यात उरकून टाक.

टाचण

गुणांबद्दल लिहितो, कारण वर्षं वाया जातात ती इथे.

गुण जातात ते व्याकरणापायी थोडे आणि मांडणीपायी पुष्कळ. आपल्याकडे ‘सविस्तर उत्तर लिहा’ म्हटलं की माहीत आहे ते सगळं उतरवायचं. फ्रेंच ‘दिसेर्तासियों’मध्ये, म्हणजे परीक्षेतल्या विवेचक निबंधात, माहिती गृहीत धरलेली असते, तपासतात ती विचाराची चाल.

समजा विषय आला: कादंबरी हा वास्तवाचा आरसा आहे का? आपला विद्यार्थी कादंबरीची व्याख्या देतो, इतिहास देतो, चार लेखकांची चरित्रं देतो आणि शेवटी म्हणतो की काही अंशी आहे, काही अंशी नाही. वीसपैकी सहा किंवा सात. समासात लिहिलेलं असतं ‘ऑर स्युजे’, म्हणजे विषय सोडून.

तिथे अपेक्षित असतं ते असं. आधी विषयातल्या शब्दांना हात घालायचा: आरसा म्हणजे नुसतं दाखवणारा, निवड न करणारा. मग कादंबरीकार तर निवड करतोच की! या विसंगतीतून जो प्रश्न उभा राहतो ती ‘प्रोब्लेमातिक’. तिच्यावर तीन भाग उभे करायचे. पहिला: कादंबरी खरंच दाखवते, गल्ल्या, धान्याचे भाव, बोलीभाषा. दुसरा: पण निवेदक, कथानक, शेवट या सगळ्या रचलेल्या गोष्टी. तिसऱ्या भागात बहुतेक जण घसरतात. ‘दोन्ही थोडं थोडं खरं’ ही तडजोड तिथे चालत नाही, तिसऱ्या भागाने प्रश्नच एक पायरी वर न्यायचा असतो. उदाहरणार्थ, ज्याला आपण वास्तव म्हणतो ते ओळखायची नजरच आपल्याला कादंबऱ्यांनी दिली असेल तर आरसा नेमका कोण कोणाचा?

परीक्षा चार तासांची. पहिला सव्वा तास कच्च्या कागदावर: आराखडा, आणि प्रस्तावना व समारोप संपूर्ण लिहून. पुढचे अडीच तास सलग लेखन. शेवटची पंधरा मिनिटं फक्त लिंग-वचनाची जुळणी आणि क्रियापदांची रूपं तपासायला. प्रस्तावना एकाच परिच्छेदात: सुरुवातीचं वाक्य, विषयाचं विश्लेषण, प्रोब्लेमातिक, आणि तीन भागांची घोषणा. ही घोषणा राहिली की परीक्षकाचा कल पहिल्याच पानावर कळतो. मधल्या प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, एक नेमकं उदाहरण आणि त्या उदाहरणाची फोड. साहित्याच्या पेपरात मथळे आणि ठळक मुद्दे अजिबात नकोत, भाग बदलला की दोन ओळी मोकळ्या सोडायच्या.

उताऱ्यावरच्या ‘कोमांतेर’मध्ये चूक वेगळी होते: उताऱ्यात काय म्हटलंय तेच पुन्हा आपल्या शब्दांत सांगणं. तिथे *कसं* म्हटलंय ते लिहायचं. क्रियापदाचा काळ मध्येच बदलला आहे का, वाक्य तुटलंय कुठे, सर्वनाम कधी बदललं?

एक महत्त्वाचं: तिथे २०पैकी १० म्हणजे पास, १२ बरं, १४ चांगलं, १६ फारच चांगलं. साहित्यात २० जवळपास कोणालाच देत नाहीत. इथे आल्यावर १४चे सरळ ७० टक्के केले तर घोर अन्याय होतो. गुणांचं रूपांतर कसं करणार हे विभागाकडून जाण्याआधीच लेखी घे.

कवडसा

खूप आभार दोघांचे. तिसऱ्या भागाबद्दल इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. अजून दोन विचारते. पुस्तकी फ्रेंच येतं, पण चित्रपटातलं बोलणं निम्मं कळत नाही, त्याचं काय करावं? आणि कागदपत्रांत नेमकं काय अडतं?

निळी शाई

बोलण्याचं सांगते. मराठी माणसाला इथे काही गोष्टी आयत्या मिळाल्यात, पण इंग्रजीच्या सवयीने आपण त्या घालवतो.

फ्रेंच त आणि द आपलेच, दातांना जीभ लावून. पण आपण इंग्रजी शब्द ट-डने घ्यायला शिकलोय, म्हणून ‘तू’ (सगळं) याच्या जागी ‘टू’ आणि ‘दाँ’ (दात) याच्या जागी ‘डाँ’ म्हणतो. ते बंद केलं की निम्मा परकेपणा जातो. प, त, क हे तीनही आपल्यासारखेच, हकार न मिसळता. इंग्रजी बोलणाऱ्यांना यासाठी महिनोन्महिने घासावं लागतं.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, अनुनासिक स्वर. ‘बों’ म्हणताना आपल्या तोंडून शेवटी न् किंवा म् निसटतो. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेव आणि स्वर लांबव. टोक वर उचललं गेलं की चुकलं. वाइन, वारा आणि ‘जातात’ हे तीन शब्द, व्हँ, व्हाँ, व्हों, रोज आरशासमोर दहा वेळा म्हण. कोकणी बोलणाऱ्या गोव्यातल्या मुलांना हे सहज जमतं, कोकणीत नाकातले स्वर आहेतच.

दुसरं, फ्रेंच ‘यू’. जीभ ‘ई’ची, ओठ ‘ऊ’चे. हा साधला नाही तर अर्थ उलटतो: ‘दस्यू’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली.

चित्रपटातलं कळत नाही कारण नकारातला ‘न’ बोलताना गळतो. ‘ज न से पा’चं (मला माहीत नाही) ‘शे पा’ होतं. इतर ध्वनीही गळतात: ‘त्यू आ’चं (तुझ्याकडे आहे) ‘ता’, ‘इल या’चं (आहे) नुसतं ‘या’. ‘नू’ऐवजी (आम्ही/आपण) जवळजवळ सगळे ‘ऑं’ वापरतात. फ्रेंच उपशीर्षकं लावून रोज तीन मिनिटांचा तुकडा घे आणि कुठला ध्वनी गळला ते वहीत लिही. दोन तासांचा चित्रपट नुसता पाहण्यापेक्षा याने कान लवकर तयार होतो.

आकड्यांचा सराव वेगळा कर. ७९ म्हणजे साठ-एकोणीस, ९८ म्हणजे चार-वीस-अठरा. एकोणऐंशी म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. पण फोन नंबर तिथे दोन-दोन अंकांच्या जोडीने सांगतात. ‘स्वासांत’ (साठ) ऐकलं की हात ६ लिहितो आणि पुढे ‘दीझ-नफ’ (एकोणीस) आलं की खोडावं लागतं. जोडी पूर्ण ऐकल्याशिवाय पेन टेकवू नकोस.

वर्गातल्या मुलांशी पहिल्या मिनिटापासून ‘त्यू’, म्हणजे अरे-तुरे. अनोळखी म्हणून ‘व्हू’ (अहो-जाहो) म्हटलंस तर त्यांना वाटतं तू मुद्दाम लांब ठेवते आहेस. प्राध्यापकांना मात्र नेहमी ‘व्हू’, आणि मेलची सुरुवात ‘मादाम’ किंवा ‘मस्यू’ने, नाव न घालता. दुकान, बस, कचेरी, कुठेही आधी ‘बोंजूर’. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला की उत्तर तुटक येतं, आणि आपल्या मुलांना कळत नाही आपलं काय चुकलं.

खातेवही

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते आपलं नाव. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुतेकांचं वडिलांचंही नाव असतं. समजा तिथे ‘मधुरा सुरेश’ आहे. मग विद्यापीठाच्या अर्जात नुसतं ‘मधुरा’ आणि विम्याच्या अर्जात ‘मधुरा सुरेश’ असं झालं की दोन वेगळ्या व्यक्ती धरल्या जातात आणि अर्ज पडून राहतो. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिही.

आरोग्य विम्याची नोंदणी तिथे मोफत आहे, पण तिला आई-वडिलांच्या नावांसकट जन्मदाखला लागतो. त्यावर आधी अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं प्रमाणपत्र, घ्यायचं: राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. त्यानंतर फ्रान्समधल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. क्रम उलटा केला तर अपोस्टिलच्या मजकुराचं भाषांतर राहून जातं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. ते नाव नोंदवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून आजच दाखला काढून बघ.

खोलीसाठी तिथे जामीनदार मागतात. ‘व्हिझाल’ ही मोफत हमी तिशीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना मिळते, पण ती भाडेकरारावर सही करण्याआधी घ्यायची असते. आणि खोलीत शिरताना तिच्या अवस्थेची जी यादी करतात, तीत भिंतीवरचा प्रत्येक डाग लिहून घे, नाहीतर निघताना अनामतीतून कापतात.

तू न विचारलेला एक तिसरा रस्ता आहे. बीए झाल्यावर फ्रेंच वकिलातीमार्फत इंग्रजीची भाषा-सहायक म्हणून अर्ज करता येतो. ऑक्टोबर ते एप्रिल सात महिने, आठवड्याला बारा तास फ्रेंच शाळेत, हातात महिना आठशे युरोंच्या आसपास. शाळा कधीकधी अगदी आडगावात मिळते, पण तिथे फ्रेंच बोलल्याशिवाय गत्यंतरच नसतं. करारातून एक सत्र आणि नंतर हे, असं दोन्ही जमवता आलं तर भाषाकेंद्राचे पैसे खर्च करायची गरज नाही.

कवडसा

आत्ताच कपाटातून दाखला काढला. नावाची जागा कोरीच आहे. सोमवारी महानगरपालिकेत जाते.