रीफरचं (थंड कंटेनरचं) टेंपरेचर चुकीचं टाकलं, दोन कंटेनर केळी गेली. राजीनामा देऊ का?

बेलापूर_डॉक्स:
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, तीन रात्री झोप नाही म्हणून. सीबीडी बेलापूरला एका फ्रेट फॉरवर्डरकडे (दुसऱ्यांचा माल जहाजाने पाठवायची व्यवस्था करणारी कंपनी) डॉक्युमेंटेशनला आहे, येत्या ऑगस्टमध्ये ५ वर्षं होतील. मार्चमध्ये आमच्याकडे द्राक्षं आणि केळी एकदमच असतात, दिवसाला १५-२० बुकिंग. त्या दिवशी मी द्राक्षांचं जुनं बुकिंग कॉपी करून त्याच्यावरच केळ्यांचं केलं, पार्टीचं नाव बदललं, पोर्ट बदललं, वजन बदललं, टेंपरेचर तसंच राहिलं. द्राक्षांना ० च्या आसपास लागतं, केळ्यांना साडेतेरा. दोन ४० फुटी रीफर न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला शून्यावर गेले. तिकडे दार उघडलं तेव्हा केळी हिरवीच होती, जरा मळकट एवढंच, पण पिकवायच्या चेंबरमध्ये लावली तर पिवळी झालीच नाहीत, राखाडी पडली. फोटो आले ते मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बघितले.

४० टनाच्या आसपास माल, भाड्यासकट वीस-पंचवीस लाखांच्या घरात जाईल म्हणतात. सर ओरडले नाहीत, "उद्या बघू" एवढंच बोलले, आणि तेच जास्त लागलं. माझं माहेर करमाळ्याकडचं, पप्पांची स्वतःची केळीची बाग होती, घड जड झाले की झाडांना टेकू लावायला आम्ही पोरं जायचो, त्यामुळे ते फोटो डोळ्यासमोरून जात नाहीत. राजीनामा टाईप करून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. कामोठ्याच्या घराचा हप्ता चालू आहे, मिस्टर म्हणतात घाई नको. पण रोज त्याच खुर्चीत कोणत्या तोंडाने बसू?

उरणफाटा:
ताई, १८ वर्षं याच लाईनीत आहे. आज राजीनामा नका देऊ. पुढचे पंधरा दिवस या प्रकरणात नेमकं काय झालं ते सांगू शकणारी एकच व्यक्ती आहे, ती तुम्ही. तुम्ही गेलात तर सर कोणाला विचारणार?

आधी बघा कंपनीची एरर्स अँड ओमिशन्सची पॉलिसी, म्हणजे कामातल्या चुकांचा विमा, आहे का. असेल तर विमा कंपनीला ताबडतोब कळवावं लागतं, आणि त्यांना विचारल्याशिवाय पार्टीला मेलवर "चूक आमची" असं लिहून द्यायचं नाही, त्यावर क्लेम अडकू शकतो. म्हणजे लपवा असं नाही सांगत, सरांना आतल्या आत सगळं खरं खरं, तारीख-वेळ टाकून एका कागदावर द्या. शिपिंग लाईनकडून कंटेनरचं टेंपरेचर रेकॉर्ड मागवा, तिकडे माल टाकून द्यायच्या आधी सर्व्हे करून घ्यायला सांगा, एकदा फेकला की हातात काही राहत नाही.

आणि एक बघा, ते बुकिंग कन्फर्मेशन कोणाकोणाला गेलं होतं? पॅकहाऊसला, म्हणजे माल पॅक करून भरतात तिथे, कंटेनर लागला तेव्हा त्याच्या डिस्प्लेवर आकडा होता, ड्राफ्ट बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, जहाजाच्या मालाची पावती) टेंपरेचर असेल तर तो पण पार्टीने ओके केला असणार. दुसऱ्यावर ढकला म्हणत नाही. पण इतक्या जणांच्या डोळ्यांखालून ० निघून गेला म्हणजे तुमच्याकडे तपासायची पद्धतच नव्हती, आणि ती बसवली नाही तर तुमच्या जागी येणारी पोरगी पुढच्या मार्चमध्ये हेच करेल.

टेंभुर्णी_पॅकहाऊस:
डिस्प्ले बघणं आमचं काम आहे ताई, ते तुमच्या एकटीवर घेऊ नका. कंटेनर लागला की मी आधी आकडा बघतो, फोटो काढून पाठवतो, मगच पहिला बॉक्स आत जातो. केळं १३ च्या खाली गेलं की सालीतल्या पेशी मरतात, मग पिकवायचा इथिलीन गॅस कितीही द्या, रंग धरत नाही.

शेतकऱ्याचं म्हणाल तर आमच्या भागात बहुतेक वेळा व्यापारी बागेतच भाव ठरवून घड कापून नेतो, त्यामुळे तोटा एक्स्पोर्टरच्या अंगावर येतो. पण काही जण अर्धं पेमेंट माल पोचल्यावर देतात. ते तेवढं विचारा. तसं असेल तर तुमच्या सरांनी पार्टीशी बोलून शेतकऱ्यांचं आधी मोकळं करायला लावावं, भांडण नंतर चालू राहू दे.

ठाणे_वागळे:
मला वेगळं वाटतं. राजीनामा सरांच्या टेबलावर ठेवावा, घ्यायचा की नाही ते ते ठरवतील. एवढं नुकसान झाल्यावर आपण होऊन तेवढं करायला पाहिजे.

उरणफाटा:
आणि रागाच्या भरात घेतला तर? घराचा हप्ता आहे त्यांच्या डोक्यावर.

घणसोली_७:
मी ठेवला होता टेबलावर. रबाळे एमआयडीसीत लॅबला होतो, एका बॅचची रीडिंग चुकीची लिहिली, तिसऱ्या दिवशी लाजेने राजीनामा दिला. चौकशी माझ्या पाठीमागे झाली, जे माझं नव्हतं ते पण माझ्याच नावावर लागलं, आणि पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत "का सोडलं" याचं उत्तर देताना घसा कोरडा पडायचा. सोडायचंच असेल तर सोडा, पण तुमची बाजू फाईलला लागल्यावर. आणि ऑगस्टच्या आधी सोडलं तर ग्रॅच्युइटी पण जाऊ शकते, साधारणपणे ५ वर्षं पूर्ण व्हायला लागतात. पगारातून कापायला संमती द्या म्हणून कागद पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका, घरी आणून वाचा.

बेलापूर_डॉक्स:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल दोन पानं लिहून सरांना दिली, त्यांनी माझ्यासमोर बसून वाचली. पॉलिसी आहे, विमा कंपनीला मेल गेला, सर्व्हेअर पण नेमला. टेंभुर्णीच्या दादांनी सांगितलं ते विचारलं, तर दोन शेतकऱ्यांचं अर्धं पेमेंट खरंच राहिलंय, सर पार्टीशी बोलतो म्हणाले, मी सोमवारी परत विचारणार आहे. राजीनाम्याचं विचारलंच नाही त्यांनी, मीही काढलं नाही. तो ड्राफ्ट अजून तसाच आहे.

आज सकाळपासून केळ्यांची तीन बुकिंग गेली. तिन्ही वेळा पॅकहाऊसला फोन लावून आकडा वाचून दाखवला आणि त्यांच्याकडून परत वदवून घेतला.