मदत हवी आहे: दोन-अडीच वर्षं बंद राहणारा डेस्कटॉप गावच्या घरी कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव चोपडा तालुक्यात. नोकरीसाठी मी पुण्याला निघतेय आणि घरचा डेस्कटॉप काका-काकूंकडेच राहणार आहे. विकायचा नाही, कारण चुलतभाऊ आता आठवीत आहे आणि दहावीनंतर त्याला तो कामात येईल. तोवर तो धड राहावा एवढीच इच्छा आहे. आत ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, नंतर बसवलेली २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क), शिवाय एलसीडी मॉनिटर आणि यूपीएस.

खरी अडचण जागेची आहे. घर जुनं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. ओसरीमागच्या खोलीत जागा भरपूर, पण दिवाळीनंतर तिथे कापूस भरतात आणि भाव मिळेपर्यंत तो हलत नाही. मागे कॅबिनेट त्याच खोलीला लागून होतं. उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंचा जाड थर बसलेला, त्यावर धाब्यातून झरलेली माती. ब्रशने निघेना, शेवटी चिमट्याने उचलून काढावा लागला. त्यामुळे ती खोली बाद.

दुसरी जागा म्हणजे पत्र्याखालचा पोटमाळा. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखाली तर त्याहून जास्त. बंद हार्ड डिस्क साधारण ७० अंशांपर्यंत ठेवायला चालते, म्हणून तिची मला फार काळजी नाही. एसएसडीची आहे. तिच्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो; वीज मिळाली नाही की तो भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेत जास्त वेगाने. घरगुती एसएसडीचं मानक असं की लिहिण्याची मर्यादा संपलेली डिस्कही ३० अंशांत वर्षभर डेटा धरून ठेवेल. आमची इतकी झिजलेली नाही, पण इथला उन्हाळा ३० अंशांचा नाही.

काका म्हणतात, धान्याच्या खोलीत ठेव, ती थंड असते. थंड आहे खरी, पण धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकतात. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू तांब्याला खातो, आणि मदरबोर्डवर सगळीकडे तांबंच असतं. हाच वायू माणसाच्या जिवावर उठतो, म्हणून राहत्या घरात त्या गोळ्या वापरूच नका असं मी काकांना अगदी हात जोडून सांगितलंय. तुमच्याही घरी कोणी वापरत असेल तर कृपया थांबवा.

उरलं मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट, खालचा कप्पा. तिथेच ठेवायचं जवळपास ठरलंय. कॅबिनेटच्या मागे जादा कार्डाच्या जागेवर असते ती झाकणपट्टी एका ठिकाणी निघालेली आहे. त्या फटीतून उंदराचं पिल्लू किंवा पाल सहज आत जाईल, म्हणून तिथे पत्र्याची पट्टी लावून घेतेय. मॉनिटर आडवा न ठेवता उभाच ठेवणार.

आता प्रश्न बांधणीचा. दुकानदार म्हणाला, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून चिकटपट्टी मारा. पण मी निघणार ऐन पावसाळ्यात. तेव्हाची दमट हवा आतच कोंडली तर? सिलिका जेलच्या पुड्या घालून प्लास्टिक बंद करावं, की नुसती सुती चादर टाकून हवा खेळती ठेवावी? की आत्ता चादर टाकून दिवाळीनंतर कोरड्या हवेत काकूंकडून पॅक करून घ्यावं? कपाटात डांबरगोळ्या आहेत, त्या मात्र काढतेय. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

यूपीएसचं मी ठरवलंय. त्यातली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगशिवाय इतका काळ पडून राहिली तर कामातून जाणारच. तो शेजारच्या दादांना वापरायला देतेय. मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल आत ठेवावा की काढावा? संपला तर तारीख-वेळ जाईल, ते चालेल, पण इतक्या काळात तो गळून बोर्ड खराब झाल्याचं कुणी पाहिलंय का?

हार्ड डिस्कवर आजीच्या आवाजातली कानबाईची (आमच्या खानदेशातली देवी) अहिराणी गाणी आहेत. आजी आता नाही. त्यांच्या दोन प्रती केल्यात, एक माझ्यासोबत, एक धुळ्याला आत्याकडे. मूळ डिस्क कॅबिनेटमध्येच राहू द्यावी की काढून अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत वेगळी ठेवावी?

शेवटचं म्हणजे अधूनमधून चालू करण्याचं. दिवाळी आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी घरी येईनच, तेव्हा तासभर चालवला तर पुरेल का? की मध्ये काकूंना सांगावं लागेल? त्यांना फोनवरून समजावता येईल इतक्या सोप्या पायऱ्या कुणी लिहून दिल्या तर फार मदत होईल. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे कुणी असा संगणक ठेवून नंतर चालू केला असेल, तर कसा ठेवला होता आणि चालू करताना काय आढळलं, ते जरूर सांगा.