खाऱ्या पाण्याच्या टाकीतले केसाळ शेवाळ हटत नाही

प्रश्न (म्हापसा):
नमस्कार. माझ्या 200 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन क्लाउनफिश, एक कोळंबी आणि थोडे खडक आहेत. जुलैपासून मी मिरामारहून कॅन भरून समुद्राचे पाणी आणतो आणि तेच बदलतो. चवथीच्या सुमारास खडकांवर केसांसारखे हिरवे शेवाळ आले आणि आता ते बोटभर वाढले आहे. शेवाळ ज्यावर पोसते त्या फॉस्फेटची चाचणी केली, तर नळीतल्या पाण्याला रंगच येत नाही. दुकानदाराने शेवाळनाशकाची बाटली दिली आहे. ती वापरावी का?

उत्तर (ताळगाव):
कृपया ती बाटली उघडू नका. तिच्यात तांबे असेल तर कोळंबी वाचणार नाही. शिवाय शेवाळ एकाच वेळी मेले, की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्याने साठवलेले फॉस्फेट पुन्हा टाकीतच उतरते. चाचणीत काही दिसत नाही, याचे कारणही तेच आहे: पाण्यात येणारे फॉस्फेट शेवाळ लगेच शोषून घेते.

मूळ मला तुमच्या कॅनमध्ये दिसते. मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे, आणि पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी शेतांतली खते व गटारांतली घाण घेऊन तिथेच समुद्राला मिळते. खुल्या समुद्रात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात; तेवढे तुमच्या कॅनमध्ये नसणार. यापुढे आरओ-डीआय पाण्यात (गाळून क्षार काढून टाकलेल्या शुद्ध पाण्यात) मत्स्यालयाचे मीठ मिसळून वापरा, आणि मीठ मिसळण्याआधी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर) 0 दिसल्याशिवाय ते पाणी घेऊ नका.

उत्तर (वास्को):
पाणी सुधारले तरी आहे ते शेवाळ हातानेच काढावे लागेल. टाकीतलेच पाणी बादलीत घ्या, खडक त्यात बुडवून ठेवा, झुबके मुळाशी चिमटीत धरून उपटा आणि उरलेले जुन्या टूथब्रशने घासा. हे टाकीत केलेत तर सुटलेला प्रत्येक तुकडा दुसऱ्या खडकावर रुजेल. गोठवलेले खाद्य वितळल्यावर सुटणारे पाणीही टाकीत ओतू नका, कारण त्यात बरेच फॉस्फेट असते. खडकांत मुरलेले फॉस्फेट मात्र कित्येक आठवडे झिरपत राहते, म्हणून पंधरा दिवसांत शेवाळ पुन्हा दिसले तरी धीर सोडू नका.

उत्तर (फोंडा):
दिवा सात-आठ तासांवर आणा. तीन दिवस पूर्ण अंधार करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो लालसर, बुळबुळीत थर देणाऱ्या सायनोबॅक्टेरियासाठी आहे. केसाळ शेवाळ त्याने जात नाही.

प्रश्नकर्ता (म्हापसा):
आपल्या सर्वांचा आभारी आहे. आज हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारेपणा दाखवणारे साधन) लावला, तर 1.017 दिसले. लगेच मीठ घालू का?

उत्तर (ताळगाव):
टाकीत थेट मीठ घालू नका. वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोड्याऐवजी मीठ मिसळलेले पाणी भरा आणि दिवसाला 0.001 पेक्षा अधिक चढू देऊ नका. 1.025 वर पोहोचायला किमान आठ दिवस लागतील, तेवढा काळ कोळंबीवर लक्ष ठेवा.