समुद्र गोठून होतो तो बर्फ, 'तग धरणे' आणि वालरसांचा 'कडेलोट'

मूळ प्रश्न

आमच्या वाचनालयात सुट्टीत मुलांना माहितीपट दाखवतो. सध्या ध्रुवीय प्रदेशांतल्या प्राण्यांवरचे चालू आहेत. निवेदन इंग्रजी, त्यामुळे मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. गाडी अडते ती बर्फापाशी. निवेदक पाच-सहा वेगवेगळ्या वस्तूंची नावं घेतो आणि माझ्या तोंडून दर वेळी एकच शब्द निघतो. आभाळातून भुरभुरतं ते बर्फ, डोंगरावरून सरकत येतं ते बर्फ, समुद्राचं पाणी गोठून होतं तेही बर्फ. मग एक मुलगी विचारते, "बर्फ वितळलं म्हणून अस्वल उपाशी, तर ते मागच्या डोंगरावर का जात नाही? तिथे ढीग पडलाय की." तिचं काहीच चुकलेलं नाही. मीच तिला एका शब्दात दोन गोष्टी कोंबून दिल्या.

हिमनदी आणि हिमनग भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक आहेत. पण समुद्राच्या पाण्याचा जो बर्फ होतो, त्याला सुटसुटीत शब्द कोणता? शिवाय 'सर्व्हाइव्ह' आलं की मी 'जगण्याची धडपड' म्हणते. एका तासात ती धडपड इतक्यांदा होते की मुलंही हसायला लागली आहेत. हिमनदीचं टोक तुटून समुद्रात पडतं त्याला इंग्रजीत गाईचं वासरू होण्याचा शब्द ('कॅल्व्हिंग') आहे, त्याचंही काहीतरी सुचवा.

प्रतिसाद

आधी हिम आणि बर्फ यांची वाटणी करून टाकू. हिम संस्कृत, बर्फ फारसी, आणि आपण दोन्ही सरमिसळ वापरतो. पण जुने समास पाहिले तर एक रेघ दिसते. हिमवर्षाव, हिमालय, हिमनदी: वरून पडतं ते हिम. हिमनदीसुद्धा वर्षानुवर्षं पडलेलं हिम दाबलं जाऊनच बनते आणि तिचा तुकडा सुटला की हिमनग. म्हणजे हे सगळं गोड्या पाण्याचं कुटुंब झालं. समुद्राचं पाणी मात्र वरून पडत नाही, ते जागच्या जागी गोठतं, तेही शून्याला नाही, उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि गोठताना बरंचसं मीठ खाली सोडतं. त्याला 'समुद्रबर्फ' म्हणा. 'समुद्रहिम' नको, 'सागरी हिमखंड' तर अजिबात नको, वर्तमानपत्रांत तो हिमनगासाठी सर्रास येतो.

या वाटणीचा एक फायदा. समुद्रबर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, तो आधीच तरंगत असतो. जमिनीवरच्या हिमनद्या वितळल्या की वाढते. बातम्यांत या दोन गोष्टींचा नेहमी गोंधळ होतो.

जाता जाता: 'नग' म्हणजे जो जागचा हलत नाही तो, न गच्छति इति नगः, म्हणून पर्वत. हिमनग मात्र हजारो किलोमीटर फिरतो. शब्द करणाऱ्याला बहुतेक फक्त आकार दिसला.

प्रतिसाद

वाटणी छान आहे, पण महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी थंडीत दव गोठतं त्याला सगळी वर्तमानपत्रं 'हिमकण' म्हणतात. ते वरून कुठे पडतं? असो, समुद्रबर्फ मान्य. (तुम्ही 'बर्फ वितळलं' म्हणता, आमच्याकडे 'वितळला'. दोन्ही ऐकलंय, त्यावर वेगळा धागा काढू नका.)

प्रतिसाद, गोव्यातल्या वास्कोहून

पुस्तकात कशाला शोधताय, जेटीवर या. ट्रॉलर निघायच्या आधी बर्फाच्या *लाद्या* चढतात, फोडून त्यांचा *चुरा* होतो आणि मासळीवर पडतो. समुद्रावर सपाट तुकडे तरंगतात, ज्यांवर सील पहुडलेला असतो आणि अस्वल एकावरून दुसऱ्यावर उडी टाकतं, त्या लाद्याच. 'बर्फाची तरंगती लादी' म्हटलं की मुलांना जाडी, सपाटपणा, कड सगळं समजतं. 'हिमखंड' म्हटलं की डोळ्यांपुढे डोंगर येतो.

आमच्या गावातच राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या तळांचा आणि २००८ पासून आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या हिमाद्री या तळाचा कारभार तिथूनच चालतो. तेव्हा हे शब्द आपल्याला फार लांबचे आहेत असं समजू नका.

मूळ प्रश्नकर्ती

लादी एकदम पटली! पण अस्वलाचा प्रश्न तसाच आहे. डोंगरावर का जात नाही?

प्रतिसाद

कारण ते समुद्राचं अस्वल आहे. १७७४ मध्ये फिप्स या ब्रिटिश दर्यावर्दीने त्याला शास्त्रीय नाव दिलं अर्सस मॅरिटिमस, म्हणजे सागरी अस्वल. आपण त्याला 'ध्रुवीय' किंवा 'पांढरं' म्हणतो आणि नेमकी कामाची गोष्ट गळते. त्याचं मुख्य अन्न म्हणजे सीलची चरबी. सील श्वास घ्यायला समुद्रबर्फातल्या भोकापाशी वर येतो, अस्वल तिथे दबा धरून बसतं. लादी नाही तर भोक नाही, भोक नाही तर सील हाती लागत नाही. उघड्या पाण्यात सील त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ.

कॅनडातल्या हडसन उपसागराचं उदाहरण मुलांना सांगा, तिथला बर्फ दर उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि पाणी पुन्हा गोठेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतात. चर्चिल गावाजवळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती समुद्राकडे तोंड करून थांबलेली असतात, बरेचसे माहितीपट तिथेच चित्रित होतात. हा उपास १९८० च्या दशकापेक्षा आता सुमारे तीन आठवड्यांनी लांबला आहे. उपसागराच्या पश्चिम भागात २०१६ च्या मोजणीत अंदाजे ८४२ अस्वलं होती, २०२१ मध्ये ६१८.

तेव्हा 'बर्फ वितळलं म्हणून अस्वल उपाशी' हे वाक्यच बदला. 'समुद्र उशिरा गोठला म्हणून अस्वल उपाशी.' डोंगराचा प्रश्न निघणारच नाही.

प्रतिसाद

समुद्रबर्फातही एक पोटभेद हवा. तरंगत फिरणाऱ्या लाद्या वेगळ्या आणि किनाऱ्याला घट्ट धरून राहिलेला पट्टा वेगळा. त्याला मी 'काठबर्फ' म्हणेन. एम्परर पेंग्विनची सगळी वीण त्यावरच. मे-जूनमध्ये अंडं, नर ते पायांवर घेऊन दोन महिन्यांहून जास्त उभा, पुढे डिसेंबरच्या सुमारास पिल्लांचा लोकरीसारखा पिसारा जाऊन पाण्याला दाद न देणारी पिसं येतात. काठबर्फ तोवर टिकलाच पाहिजे. आधी फुटला तर पिल्लं पाण्यात जातात, भिजतात, संपतात. अंटार्क्टिकाच्या हॅली उपसागरातली वसाहत जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होती. २०१६ मध्ये वादळात तिथला बर्फ लवकर फुटला आणि पुढची वर्षं तिथे पिल्लं जवळपास वाढलीच नाहीत. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाच्याच बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या परिसरात पाचपैकी चार वसाहतींत त्या हंगामाची सगळी पिल्लं गेली असावीत, असं उपग्रहचित्रांवरून दिसलं.

इथे 'वितळणे' हे क्रियापदही फसवं आहे. काठबर्फ वितळण्याआधी *फुटतो*. पिल्लाला मारतं ते फुटणं.

प्रतिसाद

रेनडिअर विसरू नका, तिथे तर उलटाच प्रकार: बर्फ कमी झाला म्हणून नव्हे, नको तिथे झाला म्हणून उपासमार. रेनडिअर भुसभुशीत हिम खुरांनी उकरून खालचं दगडफूल आणि गवत खातो. ऐन हिवाळ्यात हवा गरम होऊन पाऊस पडला आणि लगेच पुन्हा थंडी पडली, की त्या हिमावर बर्फाची टणक *खपली* धरते. खूर चालत नाही. सायबेरियातल्या यमाल द्वीपकल्पावर २०१३ च्या नोव्हेंबरात असं झालं आणि सुमारे ६१,००० पाळीव रेनडिअर मेले. तिथल्या नेनेत्स पशुपालकांसाठी ती जन्मभराची पुंजी. निवेदक 'तापमानवाढ' म्हणतो आणि पडद्यावर सगळं पांढरंफेक दिसतं, मुलं गोंधळणारच. 'खपली' म्हणा आणि नखाने टेबल खरवडून दाखवा.

प्रतिसाद

आता 'सर्व्हाइव्ह'. मला हा प्रश्न बर्फापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी मराठीत फार नेमका शब्द पडून आहे: तगणे.

पावसाने ओढ दिली तरी ज्वारी तगली, असं आपण म्हणतो. पीक जोमात आलं असा त्याचा अर्थ नाही. मेलं नाही, इतकाच. 'तग धरली' मध्ये शक्ती खर्च होत असल्याची आणि ती कधीतरी संपणार असल्याची जाणीव आहे. कोणी कायमची तग धरत नाही, पाऊस येईपर्यंत धरतो. हडसन उपसागरातल्या अस्वलाला हाच शब्द लागू पडतो: पाणी गोठेपर्यंत ते साठवलेल्या चरबीवर तगून असतं.

'जुळवून घेणे' ही निराळी गोष्ट. माहितीपटांचा शेवट गोड करायची घाई असली की निवेदक म्हणतो, प्राणी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेत आहेत, आणि पडद्यावर स्वालबार्डमधलं अस्वल पक्ष्यांच्या घरट्यांतली अंडी फस्त करताना दिसतं. खरं आहे, अंडी खातात. पण सीलच्या चरबीची भरपाई अंड्यांनी होत नाही, अंडी मिळतात थोडेच दिवस, आणि त्या अस्वलाचं शरीर पूर्वीचंच आहे. शास्त्रात ज्याला अनुकूलन म्हणतात ते पिढ्यान्‌पिढ्यांत होतं. आर्क्टिक कोल्ह्याला दाट केसांचे तळवे आले, आखूड कान आले, ते अनुकूलन. उपाशी जनावराने हाताला लागेल ते खाल्लं, ते तगणं.

'निभावणे' ही चांगला आहे, पण त्यात संसाराचा वास येतो. 'टिकणे' जातीसाठी राखून ठेवा: एक अस्वल तगतं, अस्वलाची जात टिकते. 'जगण्याची धडपड' ला काही दिवस सुट्टी द्या. आणि 'संघर्ष' तर कोणत्याही परिस्थितीत नको, तो मोर्चात बरा.

प्रतिसाद

शब्दांनी केवढा घोळ होतो याचा वालरस (लांब सुळ्यांचा, सीलसारखा अवजड प्राणी) हा उत्तम नमुना. २०१९ च्या 'अवर प्लॅनेट' मालिकेत रशियाच्या ईशान्य किनाऱ्यावरचे वालरस उंच कड्यावरून खाली पडताना दाखवले आहेत. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर ती चित्रफीत 'वालरसांची सामूहिक आत्महत्या' म्हणून फिरली. दुसऱ्या एका मथळ्यात 'कडेलोट' होता. दोन्ही वाईट. आत्महत्येला हेतू लागतो. कडेलोट आपल्याकडे शिक्षा आहे, टकमक टोकावरून कोणीतरी लोटावं लागतं. आणि गंमत म्हणजे वाद नेमका त्यावरच झाला, लोटलं कोणी? मालिकेचं म्हणणं असं: विसाव्याला समुद्रबर्फ न उरल्याने वालरस किनाऱ्यावर दाटीवाटीने चढले, कड्यावर गेले, पाण्याबाहेर त्यांना नीट दिसत नाही, म्हणून पडले. टीकाकारांचं म्हणणं, आसपासच्या अस्वलांनी त्यांना बिचकवलं. शब्द निवडताना आपण न्यायनिवाडा करून बसू नये. 'कोसळले' पुरेसं आहे.

प्राण्यांच्या 'आत्महत्ये'चं हे खूळ जुनं आहे. डिस्नेच्या १९५८ च्या 'व्हाइट विल्डरनेस' मध्ये लेमिंग (उंदरासारखे छोटे प्राणी) समुद्रात उड्या घेतात. पुढे उघड झालं की ते आणलेले होते आणि त्यांना ढकललं होतं. चित्रण झालं कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, ज्याला समुद्रकिनाराच नाही. म्हणजे कडेलोट हा शब्द वापरायचाच असेल तर तो या लेमिंगांसाठी ठेवा. ऑस्करही मिळालं त्या चित्रपटाला.

मूळ प्रश्नकर्ती

भरपूर मिळालं. समुद्रबर्फ, लादी, काठबर्फ, खपली, तगणे वहीत गेले. गाईचं वासरू तेवढं राहिलं.

प्रतिसाद

'हिमनदी व्याली' असं एका अनुवादात वाचलं होतं. शब्दाला शब्द बरोबर, पण आपल्याकडे गाय व्याली की चीक वाटतात. इमारतीएवढा तुकडा समुद्रात पडताना कोणाच्या मनात ते येणार?

प्रतिसाद

घाटात राहणाऱ्यांना विचारा. दरड कोसळते, कडा ढासळतो, कड तुटते, तिन्हींत फरक आहे. दरडीत माती-दगड मिसळून येतात, ती इथे नको. हिमनदीचं तोंड उभंच्या उभं सुटून पाण्यात बसतं, तिथे 'कडा ढासळला' म्हणा. लहान तुकडा पडला तर 'कड तुटली'.

मूळ प्रश्नकर्ती

आणि तुटून पडलेल्या तुकड्याला?

प्रतिसाद

मोठा असेल तर हिमनग, छोटा असेल तर ढेकूळ. वास्कोकर त्याचा चुरा करतील.