विषय: ओपीटीचं कार्ड जुन्या पत्त्यावर येतंय आणि लीज ३१ला संपतंय (तातडीचं)

प्रेषक: टेक्सासहून येणारा, ऑगस्टपासून रेडमंड (सिएटलजवळ)
२३ जुलै

नमस्कार मंडळी,
गेल्या आठवड्यात घराबद्दल विचारलं होतं तो मीच. घराचं जमलं, किर्कलंडच्या काकूंनी सांगितलेल्याच कॉम्प्लेक्समध्ये, त्यांचे मनापासून आभार. आता वेगळंच अडलंय. काल २२ला ओपीटी (शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायची परवानगी) अप्रूव्ह झालं, स्टेटसमध्ये कार्ड छापायला गेलंय असं दिसतंय, पण अर्जावर पत्ता इथला, डॅलसजवळचा आहे. इथलं लीज ३१ला संपतंय, रूममेट सगळे निघालेत, माझं विमान ३०चं आहे आणि जॉइनिंग १० ऑगस्टला. एचआर म्हणतात कार्ड हातात नसेल तर सुरू करता येणार नाही. मग पत्ता आत्ताच ऑनलाइन बदलून तिकडच्या कोणाच्या तरी घरचा देऊ का? कोणी केअर ऑफ पत्ता द्याल का? दोन दिवस झोप नाहीये नीट, म्हणून इथे लिहितोय.

प्रेषक: रेडमंडचे काका
२३ जुलै

अरे काळजी कशाला करतोस, माझा पत्ता घे, आमच्याकडे दिवसभर कोणी ना कोणी असतं. पत्ता मात्र आजच्या आज बदल, दहा दिवसांत कळवणं हा कायदा आहे, त्याच्या फॉर्मला एआर-११ म्हणतात, यात हयगय नको. आणि तोपर्यंत रिसीटवर (अर्ज पोचल्याच्या पावतीवर) जॉइन होता येतं, आमच्या भाचीने गेल्या वर्षी कितीतरी महिने रिसीटवरच काम केलं. आमच्या वेळी तर फक्त १२ महिने मिळायचे, ते स्टेमवाल्यांचं (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित शिकलेल्यांचं) १७ महिन्यांचं एक्स्टेंशन २००८ला आलं आणि त्याचे २४ झाले २०१६मध्ये, तुम्हा मुलांना आता निदान श्वास घ्यायला वेळ आहे. फोन कर मला.

प्रेषक: सचिव
२३ जुलै

सर्वांना विनंती, घरचे पत्ते आणि फोन नंबर मंडळाच्या या ईमेल यादीवर टाकू नयेत. त्या कुरिअरच्या प्रकरणानंतर कार्यकारिणीत हे ठरलेलं आहे आणि काका, तुम्ही त्या मीटिंगला होतात. केअर ऑफ पत्ता द्यायचा असेल तर परस्पर द्यावा, मंडळाच्या नावाने नको. नव्याने येणाऱ्यांच्या प्रश्नांसाठी वेगळी यादी काढलेली आहे, ती वापरावी. कार्डासाठी शुभेच्छा.

प्रेषक: लिनवुडची ताई
२३ जुलै

अरे थांब, पत्ता बदलू नकोस!! काका, माफ करा पण हे मी स्वतः भोगलंय. माझंही अप्रूव्हल आलं आणि मी हुशारीने त्याच रात्री ऑनलाइन पत्ता बदलला. कार्ड तोवर जुन्या पत्त्याने निघालेलं होतं, जुन्या घरात पेटीवर माझं नाव नव्हतं, पोस्टमनने परत पाठवलं, आणि मग ते पुन्हा नव्या पत्त्यावर यायला जे आठवडे गेले ते मी एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये गादीवर झोपून काढले आणि जॉइनिंग दोनदा पुढे ढकललं. पोस्टात फॉरवर्डिंग लावलं होतं, त्याचा उपयोग झाला नाही, इमिग्रेशनची पत्रं पोस्ट पुढे पाठवेलच असं नसतं, बहुतेक वेळा ती परतच जातात.

आणि रिसीटवर जॉइन होता येत नाही. तुमच्या भाचीचं स्टेमचं एक्स्टेंशन होतं ना? वेळेत अर्ज केला असेल तर जुनं कार्ड संपल्यावरही १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं, ती गोष्ट वेगळी. याचं पहिलंच कार्ड आहे, पहिल्या अर्जाची रिसीट आय-९ला (नोकरीवर घेताना कामाची परवानगी तपासायचा फॉर्म) चालत नाही. हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या कार्डाच्या बदली अर्जाची रिसीट ९० दिवस चालते, त्यावरून लोक गोंधळतात.

प्रेषक: रेडमंडचे काका
२३ जुलै

भाचीचं एक्स्टेंशनच होतं, बरोबर, आत्ता तिला विचारलं. पण दहा दिवसांचा कायदा मी मनाने काढलेला नाही. उगाच नियम मोडून पुढे एच-१ व्हिसाच्या वेळी त्रास नको एवढंच माझं म्हणणं. सचिवांना एक सांगायचंय, मी माझा पत्ता टाकलेला नाही, देतो एवढंच म्हटलं.

प्रेषक: बेलव्ह्यूचा दादा
२४ जुलै

काका आणि ताई, दोघांचंही बरोबर आहे, फक्त दहा दिवस कधीपासून मोजायचे हे राहिलंय. ते घर बदलल्यानंतरचे दहा दिवस, बदलायच्या आधीचे नाहीत. हा अजून टेक्सासमध्येच राहतोय, म्हणजे आज त्याचा पत्ता तोच आहे आणि तोच खरा आहे. इकडे राहायला आला की मग दहा दिवसांत कळवायचं, आणि तेही राहतो तिथला पत्ता, काकांचा नाही. युनिव्हर्सिटीच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) कळवलं की सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) बदलतो, ओपीटी सुरू झाल्यावर पोर्टलची लिंक ईमेलवर येते तिथून स्वतःलाही बदलता येतो. पण सेव्हिसमध्ये बदलला म्हणून इमिग्रेशनकडच्या अर्जावरचा पत्ता आपोआप बदलत नाही, ते दोन वेगळे दप्तर आहेत, हे मी दरवर्षी कोणाला ना कोणाला सांगतो.

माझं मत विचारशील तर विमान पुढे ढकल आणि लीजिंग ऑफिसमध्ये स्वतः जाऊन (ईमेल नको, समोर उभा राहा) चार-पाच दिवसांचं जादा भाडं किती ते विचार. पैसे जातील थोडे, जाऊ देत. एक कार्ड परत गेलं तर त्याहून कितीतरी जास्त जातात. कार्ड पोस्टात पडलं की स्टेटसमध्ये ट्रॅकिंग नंबर येतो. पोस्टाचं इन्फॉर्म्ड डिलिव्हरी फुकट आहे, त्यात येणाऱ्या पाकिटांचे फोटो सकाळी दिसतात, ते आजच लाव. आणि ताईने सांगितलेलं ते पेटीवरचं नाव, आत्ता उठून चिकटव, दोघातिघांच्या घरात याच कारणाने पत्रं परत जातात.

प्रेषक: किर्कलंडच्या काकू
२४ जुलै

घर आवडलं का रे? वरच्या मजल्यावरचं घे म्हटलं होतं. मला वेगळीच काळजी वाटतेय, ते ९० दिवसांचं. ओपीटी सुरू झाल्यापासून ९० दिवस बिनकामाचे झाले की स्टेटस जातं, आमच्या शेजारणीच्या मुलाने शेवटच्या आठवड्यात कसंबसं निभावलं, घरात दोन महिने कोणी धड जेवत नव्हतं. मला वाटतं मंडळाने याला व्हॉलंटियर म्हणून पत्र द्यावं, आपली वेबसाइट नाहीतरी कोणीतरी बघायला हवीच आहे, मुलगा कॉम्प्युटरचाच आहे, त्याचं आणि मंडळाचं दोघांचं भलं होईल.

प्रेषक: सचिव
२४ जुलै

काकू, तुमचा हेतू चांगला आहे, पण असं पत्र मंडळ देऊ शकत नाही. व्हॉलंटियर काम धरायचं तर ते शिक्षणाच्या विषयाशी थेट निगडित लागतं आणि आठवड्याला किमान २० तास खरोखर करावं लागतं. ते कोण मोजणार, सही कोण करणार आणि उद्या कोणी विचारलं तर उत्तर कोण देणार? वेबसाइटसाठी समिती आहे आणि ती काम करत आहे. साइट गणपतीच्या आधी अपडेट होईल असं समितीने मला लेखी कळवलं आहे.

प्रेषक: किर्कलंडच्या काकू
२४ जुलै

संक्रांतीलाही लेखी कळवलं होतं. असो, मी समितीला दोष देत नाही, माणसं कमी आहेत म्हणूनच म्हटलं.

प्रेषक: बेलव्ह्यूचा दादा
२४ जुलै

काकू, ९० दिवसांची भीती सध्या नाही. याचं ओपीटी २२ जुलैला अप्रूव्ह झालं, मागितलेली तारीख त्याआधीची असेल तर कार्डावर सुरुवात २२ जुलैच येईल, मोजणी तिथून. १० ऑगस्टपर्यंत १९ दिवस होतात. जॉइनिंग आठवडाभर पुढे गेलं तरी २६. म्हणजे आधी एचआरला विचार की १७ला येऊ का, त्यांना हे नवीन नसतं. वापरलेले दिवस मात्र वहीत लिहून ठेव, पुढे कधी नोकरी बदललीस तर हे २६ त्या ९०मध्ये धरले जातात. स्टेमचं एक्स्टेंशन मिळालं की आणखी ६० मिळतात, सगळे मिळून १५०, पण एकदा खर्ची पडलेले परत येत नाहीत.

प्रेषक: टेक्सासहून येणारा
२५ जुलै

सगळ्यांचे खूप खूप आभार. पत्ता बदलला नाही. लीजिंग ऑफिसमध्ये गेलो होतो, तिथले लोक आधी नाही म्हणाले, मग मॅनेजरबाई आल्या आणि ५ ऑगस्टपर्यंत रोजच्या हिशेबाने राहू देतो म्हणाल्या. विमान ६चं केलं. एचआरने १७ तारीख दिली, एका ईमेलमध्ये झालं, मी तीन दिवस उगाच घाबरून विचारलंच नव्हतं. पेटीवर नाव लावलंय. आता एकच, माझ्याकडे टेक्सासचं लायसन्स आहे, गाडी आणत नाहीये, तर तिकडचं लायसन्स लगेच काढावं लागतं का?

प्रेषक: इसाक्वाची वहिनी
२५ जुलै

हो, राहायला आल्यापासून ३० दिवसांत. पण एक लक्षात ठेव, हे कोणी आधी सांगत नाही आणि मग एअरपोर्टवर कळतं. वॉशिंग्टनच्या साध्या लायसन्सवर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ असं छापून येतं, म्हणजे ते रिअल आयडी (केंद्राच्या नियमांत बसणारं ओळखपत्र) नाही. इथलं जे एन्हान्स्ड लायसन्स असतं ते फक्त अमेरिकन नागरिकांना मिळतं, आपल्याला नाही. तुझ्या टेक्सासच्या कार्डावर कोपऱ्यात तारा (रिअल आयडीची खूण) असेल, ते इथे जमा केलंस की तो तारा गेला. ७ मे २०२५पासून विमानतळावर रिअल आयडी बघतात, त्यामुळे देशातल्या देशात उडतानाही पासपोर्ट जवळ ठेवायचा. हे (आमचे हे) सॅन होजेला एका दिवसाच्या मीटिंगला निघाले, पासपोर्ट घरी, मी इसाक्वाहून सी-टॅक विमानतळापर्यंत गाडी पळवली, हात थरथरत होते.

गाडीची घाई करू नकोस. रेल्वेची २ लाइन मे २०२५पासून डाउनटाउन रेडमंडपर्यंत येते, ऑफिस स्टेशनजवळ असेल तर पहिला हिवाळा गाडीविना निघतो.

प्रेषक: रेडमंडचे काका
२५ जुलै

रेल्वे चांगली आहे पण रात्री उशिरा एअरपोर्टहून दोन मोठ्या बॅगा घेऊन कोण येतं रेल्वेने.

प्रेषक: टेक्सासहून येणारा
१ ऑगस्ट

कार्ड आलं!! ट्रॅकिंग नंबर २८ला दिसला, काल संध्याकाळी पेटीत. सगळं सामान पाठवून झालंय, रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून पाकीट उघडलं आणि आईला फोन लावला, तिकडे पहाटेचे पाच वाजले होते, तिने लगेच उचलला. सुरुवातीची तारीख २२ जुलैच आहे, दादा म्हणाले तशी.

प्रेषक: लिनवुडची ताई
१ ऑगस्ट

वा!! डोळ्यांत पाणी आलं वाचून. आता नाव, आडनाव, जन्मतारीख एकेक अक्षर पासपोर्टशी लावून बघ, चूक असेल तर आत्ताच कळलेली बरी. एचआरला मूळ कार्डच दाखवावं लागतं, फोटोची प्रिंट चालत नाही, जॉइन झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत. तेव्हा ते चेक-इन बॅगेत टाकू नकोस, पासपोर्टसोबत अंगावरच्या पिशवीत.

प्रेषक: बेलव्ह्यूचा दादा
१ ऑगस्ट

अभिनंदन. ६ला राहायला आलास की १६च्या आत डीएसओला नवा पत्ता कळव. कार्ड मिळालंय, आता बदलायला हरकत नाही.

प्रेषक: रेडमंडचे काका
१ ऑगस्ट

फ्लाइट नंबर आणि वेळ मला पाठव, मलाच पाठव, यादीवर नको. मी घ्यायला येतो.