उत्तर: उत्तर: खणाचे स्कर्ट – बूट घालून मापं दिलीत का?

प्रेषक: वैशाली
रविवार, ११ जानेवारी, रात्री ९:४२

मंडळी,

स्कर्ट आले, चौदाच्या चौदा. काठ सुरेख, अस्तर सुती, शिलाई पक्की. पण आज आमच्याकडे घालून बघितले तर सगळे जमिनीवर लोळतायत. दीड-दोन इंच. सगळ्याच जणींनी बूट घालून मापं दिली होती असं आत्ता कळतंय. (फॉर्मवर "अनवाणी" असं ठळक लिहिलं होतं. असो.) हॉलमध्ये बूट दारातच काढायचे आहेत, दिवाळीनंतर आलेलं पत्र सगळ्यांना आठवत असेल. म्हणजे मोज्यांवर झिम्मा आणि पायात घोळ. कोणीतरी तोंडावर आपटणार.

हळदीकुंकू शनिवारी ४ ला. शिलाई मशीन कोणाकडे आहे? खालून दोन इंच कापून टीप मारायची, एका संध्याकाळचं काम आहे.

वैशाली
सांस्कृतिक समिती, कॅल्गरी (कॅनडा)

ता. क. केकचं मी बघतेय, त्यावर चर्चा नको.

—

प्रेषक: सुलूमावशी
रविवार, ११ जानेवारी, रात्री १०:१५

वैशाली कापू नकोस. कापू नकोस. मशीन माझ्या सुनेकडे आहे पण कापायला देणार नाही.

—

प्रेषक: मंजिरी
रविवार, ११ जानेवारी, रात्री १०:३१

"केकचं मी बघतेय" म्हणजे नक्की काय? हळदीकुंकवाचं खाणं भोजन समितीकडे असतं. मी गुळपोळी, तिळाच्या वड्या, मटार उसळ आणि पाव अशी यादी डिसेंबरमध्येच पाठवली होती. त्यात केक नाही. मुलांना हवा असेल तर माझी हरकत नाही, पण ओव्हन कोण वापरणार, किती वाजता, हे आधी ठरू दे. मागच्या वेळी पावभाजी गरम करायला ओव्हन मिळाला नव्हता तो का, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मंजिरी

—

प्रेषक: सुलूमावशी
सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ६:५०

काल नातवाने लॅपटॉप नेला म्हणून अर्धवट राहिलं.

खणाचा पन्हा लहान असतो. काठ खाली आडवा घेतला की मोठ्या बाईला कापड कमरेपर्यंत पुरत नाही, म्हणून वर वेगळी पट्टी जोडतात. तुमच्या स्कर्टांना आतून बघा, जोड दिसेल. खालून दोन इंच कापलेस तर काठच गेला. मग खण कशाला म्हणायचं, टेबलक्लॉथ म्हण.

आमच्या लहानपणी परकर दरवर्षी नवा नसायचा. शिवतानाच दोन-तीन दुमडी आडव्या घालून ठेवायच्या, पोर वाढली की दरवर्षी एक उसवायची. कापड उन्हानं विटायचं आणि दुमडीतलं गडद राहायचं, मग परकरावरचे पट्टे मोजून वय सांगता यायचं. तेच करा. काठाच्या वर, आतल्या बाजूने एक इंचाची दुमड, हाताने धावदोरा. मशीन नको. पुढच्या वर्षी उसवता येईल. चौदा परकर म्हणजे चार बायका, दोन तास, एक किटली चहा.

आणि वैशाली, बाहेर बर्फात बूट घातले की परकर आपोआप दोन इंच वर जातो, कड भिजत नाही. म्हणजे माप अनवाणीच बरोबर. तू बरोबर होतीस.

—

प्रेषक: केतकी
सोमवार, १२ जानेवारी, दुपारी १२:०५

नमस्कार, मी केतकी, नाशिकची, सप्टेंबरमध्ये शिकायला आले. एक बावळट प्रश्न. स्कर्टच्या आत काय घालायचं? शनिवारी उणे २२ दाखवतायत आणि मी बसने येणार आहे. साडी नेसून थर्मल घातलं तर चालतं का? आईला विचारलं तर ती म्हणते स्वेटर घाल.

—

प्रेषक: अविनाश
सोमवार, १२ जानेवारी, दुपारी १२:४०

वैशाली,

चर्चा नको म्हणालीस तरी एक तांत्रिक मुद्दा. तुझा गणपतीतला रवा केक मध्ये बसला होता. चव उत्तम होती. पण तो बसला ते नशिबाने नाही. पुणे ५६० मीटरवर, कॅल्गरी १०४५ मीटरवर. इथे हवेचा दाब कमी, पाणी ९६-९७ अंशांनाच उकळतं. पिठातले बुडबुडे जास्त फुगतात, केक आत शिजून घट्ट व्हायच्या आधीच वर येतो आणि मग खाली बसतो. बिनअंड्याच्या केकला धरून ठेवायला अंडंही नसतं, त्यामुळे तो आणखी लवकर बसतो.

उपाय: बेकिंग पावडर आणि सोडा आठवा भाग कमी, दर कपभर दुधामागे एक-दोन चमचे दूध जास्त, ओव्हन ३५० ऐवजी ३६५.

अविनाश

—

प्रेषक: नंदूकाका
सोमवार, १२ जानेवारी, दुपारी १:१०

३५० काय? फॅरनहाइट की सेल्सियस? या देशाची मला एक गंमत वाटते. बाहेर उणे २२ म्हणतात ते सेल्सियस, आणि स्वयंपाकघरात शिरलं की फॅरनहाइट. आमची ही पहिल्या वर्षी बेसनाचा केक करायला गेली. पुण्याच्या वहीत १८० लिहिलं होतं, तिने ओव्हन १८० वर ठेवला. तीन तासांनी बाहेर काढलं तर कोमट शिरा. आम्ही चमच्याने खाल्ला.

हळदीकुंकवाला हवा कशी असेल ते कोणी सांगू नये. १९८८ च्या इथल्या हिवाळी ऑलिंपिकला सगळं जग बर्फ बघायला आलं आणि चिनूक, म्हणजे डोंगरावरून येणारा गरम वारा, सुटला. वाऱ्यापायी स्की जंपिंग पुढे ढकलावं लागलं. आम्ही साध्या स्वेटरवर फिरलो.

—

प्रेषक: वैशाली
सोमवार, १२ जानेवारी, दुपारी १:२२

अविनाश, मी चर्चा नको म्हटलं होतं. पण आठवा भाग म्हणजे किती? माझ्या आईचा केक ओव्हनमध्ये झालेलाच नाही कधी. कुकरमध्ये वाळू, शिट्टी आणि रबर काढून, वर डबा. प्रमाण सगळं "अंदाजे". सोडा "चिमूट". चिमटीचा आठवा भाग कसा काढू?

मावशी, दुमडीचं पटलं. बुधवारी संध्याकाळी ६ ला आमच्याकडे. सुया आणा, माझ्याकडे दोनच आहेत.

केतकीला कोणीतरी सांगा, मी कामावर आहे.

—

प्रेषक: मंजिरी
सोमवार, १२ जानेवारी, रात्री ८:१७

दाबाचं असेलही, पण मैद्याचं कोणीच बोललं नाही. इथला साधा मैदा कडक गव्हाचा, त्यात प्रथिनं १३ टक्क्यांच्या आसपास. पोळीला उत्तम, केकला नाही. जरा जास्त घोटला की पाव होतो. केक-पेस्ट्रीचा वेगळा मैदा मिळतो तो घ्यावा. नाहीतर कपभर मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घालावं.

आणि कॉर्नफ्लोअर म्हणजे आपल्याकडचं पांढरं. इथे त्याला कॉर्न स्टार्च म्हणतात. "कॉर्न फ्लोअर" लिहिलेली पिशवी उचललीत तर पिवळं मक्याचं पीठ निघेल. मी उचललं होतं.

केकचं मी बघत नाहीये, फक्त सांगतेय.

—

प्रेषक: प्रसाद
सोमवार, १२ जानेवारी, रात्री ८:४५

मला या ईमेल यादीतून काढा अशी विनंती मी तिसऱ्यांदा करतोय. एडमंटनला येऊन तीन वर्षं झाली.

तरी सांगतो, गूळ घालणार असाल तर गुळातला आणि दह्यातला आंबटपणा सोड्याला पुरतो, बेकिंग पावडर अगदी नावाला. पीठ कालवल्यावर पाच मिनिटंही थांबू नका, सोड्याचा जोर भांड्यातच संपतो. तीळ भाजून गार करून फिरवा, थांबत थांबत. सलग फिरवलेत तर तेल सुटून चटणी होते.

—

प्रेषक: वैशाली
सोमवार, १२ जानेवारी, रात्री ९:०२

तिळगुळाचा केक करणार हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. प्रसाद, तुला कोणी सांगितलं?

—

प्रेषक: रोहिणी
मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ७:३०

केतकी, बावळट प्रश्न नाही. मी पहिल्या वर्षी जीन्सवर साडी नेसले होते, बसता येईना.

सगळ्यात आत लोकरीचे किंवा आतून लव असलेले लेगिंग्ज. लोकरीचे मोजे, बूट गुडघ्याच्या खालपर्यंत. त्यावर सुती परकर, आपला साडीखालचा, आणि मग स्कर्ट. सॅटिनचा किंवा पॉलिएस्टरचा परकर नको. हिवाळ्यात इथली घरातली हवा इतकी कोरडी असते की लेगिंग्जवर तो घासून स्कर्ट पायांना चिकटतो आणि चालताना तडतड आवाज येतो. मध्ये सुती असलं की नाही चिकटत. तरी चिकटलाच तर धातूचा हँगर आतून एकदा फिरव. पायांना आधी तेल किंवा क्रीम लाव.

जॅकेट आखूड असेल तर त्याच्याखाली स्कर्ट घुमटासारखा फुगतो आणि वारा आत शिरतो. गुडघ्याच्या खाली येणारा कोट हवा. तुझ्याकडे नसेल तर माझा जुना आहे, तपकिरी, एक बटण नाही.

बसथांब्यापासून चालताना स्कर्ट हातात धर किंवा कमरेत खोच, जसं आपण पावसात निऱ्या खोचतो. रस्त्यावर खडी-मिठाचं मिश्रण असतं, त्याला इथे पिकल म्हणतात. हो, लोणचंच. ते वाळलं की कडेला पांढरा नकाशा उमटतो. साध्या कापडावरचा डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने जातो, पण जरीला व्हिनेगर लावू नकोस, काळी पडेल. जरीचा काठ ओल्या फडक्याने लगेच टिपायचा.

—

प्रेषक: नंदूकाका
मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ९:१५

वारा आत शिरू नये म्हणून कडेत वजन घालतात. आमच्याकडे बरणीभर जुने पेनी (एका सेंटची नाणी) पडले आहेत, २०१३ पासून सरकारने वाटायचे बंद केले. दुमडीत चार-चार शिवून टाका. पडद्यांना असंच करतात.

—

प्रेषक: सुलूमावशी
मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ९:४०

नंदू, झिम्म्यात खुळखुळा वाजेल.

—

प्रेषक: नंदूकाका
मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ९:५२

मग पैंजणांचा खर्च वाचला की.

—

प्रेषक: केतकी
बुधवार, १४ जानेवारी, रात्री ८:२०

तिळगुळ घ्या, गोड बोला.

रोहिणीताई, कोटासाठी खूप आभार, बटण लावून घेतलं.

सुलूमावशी, एक घोळ झालाय. आज मला प्रयोगशाळेत उशीर झाला म्हणून येता आलं नाही. स्कर्ट माझ्याकडे होता, तर घरीच दुमड घातली. दोन इंच कमी करायचे म्हणून दोन इंचाची घातली. आता स्कर्ट चार इंच वर गेलाय आणि लेगिंग्ज दिसतायत.

—

प्रेषक: अविनाश
बुधवार, १४ जानेवारी, रात्री ८:३४

दुमड दुहेरी असते, म्हणून एक इंचाची दुमड दोन इंच खाते. मावशींनी एक इंच लिहिलं होतं.

—

प्रेषक: सुलूमावशी
बुधवार, १४ जानेवारी, रात्री ८:५०

अवि, तिला कळलंय. केतकी बाळा, धावदोरा आहे ना, एका टोकाची गाठ काप आणि ओढ. सगळा निघेल. परत एक इंचाची घाल. म्हणून तर मशीन नको म्हटलं. शनिवारी लवकर ये, मी सुईदोरा आणते.

आज नऊच झाले. तिघीजणी गप्पा मारत होत्या. उरलेले चार मी उद्या करते.

—

प्रेषक: वैशाली
गुरुवार, १५ जानेवारी, रात्री १०:०५

चारही झाले, मावशी धन्यवाद.

केक: काल एक करून बघितला. केकचा मैदा, आठवा भाग सोडा कमी, ३६५. वर आला, बसला नाही, पण कडेला करपला, कारण गूळ. आज ३५० वर परत आणि वरून फॉइल. हा बरा झाला. अविनाश, तापमानाचं तुझं गणित साखरेच्या केकचं होतं. गूळ लवकर तांबूस होतो.

एक प्रश्न राहिला. इथला कंडेन्स्ड मिल्कचा डबा ३०० मिलिलिटरचा आहे आणि आईच्या वहीत ४०० ग्रॅम. एक डबा आणि वर तिसरा हिस्सा घालू का?

—

प्रेषक: अविनाश
गुरुवार, १५ जानेवारी, रात्री १०:११

नको! ते दूध पाण्यापेक्षा जड असतं. ३०० मिलिलिटरचं वजन ३९० ग्रॅमच्या आसपास भरतं. एकच डबा.

गुळाचं मान्य.

—

प्रेषक: मंजिरी
गुरुवार, १५ जानेवारी, रात्री १०:४०

हॉलचा ओव्हन शनिवारी २ ते ३ माझा, पावासाठी. केक घरून भाजून आणावा. गाडीत मागच्या सीटवर ठेवून हीटर लावा, डिकीत ठेवलात तर उणे २२ मध्ये दगड होईल. दोन केक आणा, एकात मुलांचंच भागणार नाही.

आणि माझं मोठं पातेलं, झाकणाला निळी खूण असलेलं, गणपतीपासून कोणाकडे आहे?

—

प्रेषक: प्रसाद
गुरुवार, १५ जानेवारी, रात्री १०:५८

ते माझ्याकडे आहे. एडमंटनला. शनिवारी येताना आणतो, स्कर्टवाल्यांचे फोटो काढायला तसाही येणारच होतो. यादीतून सोमवारी काढा.