मदत हवी आहे: आजी रोबोट वापरतच नाही, सोमवारी डेमो

तिरफळ
मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, घरगुती रोबोट. लॅबमध्ये मस्त चालतो. आजीकडे ठेवला तर ती त्यावर टॉवेल टाकून ठेवते. गाईड म्हणतात, रिपोर्टमध्ये 'युजर अ‍ॅक्सेप्टन्स' दाखवा. शिवाय स्वयंपाकघराच्या दारात अडून बसतो. काय बदलू? लवकर सांगा. आर्डुइनो शिकवू नका, येतं.

खवचट_काका
अरे पण तो करतो काय? पोळ्या लाटतो की पाय चेपतो?

तिरफळ
घरगुती म्हणजे औषध-पाणी आणून देतो. ट्रे आहे. वर टॅब लावलाय, त्यात चेहरा, डोळे मिचकावतो.

मीनल_ठाणे
ट्रे किती उंचीवर? माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वाकणं बंद आहे, म्हणून विचारते.

तिरफळ
३० सेंमी. आजी कॉटवर बसते. थोडंच वाकावं लागतं.

मीनल_ठाणे
थोडंच म्हणे! भरलेलं भांडं वाकून उचलायचं तर निम्मं पाणी साडीवर. ट्रे गादीच्या वर आण.

सर्किटवाला
आणि बॅटरी तळाशी ठेव, नाहीतर उंच ट्रेसकट कलंडेल. दारात उंबरा आहे का? साधं चाक त्रिज्येपेक्षा उंच उंबरा चढत नाही.

तिरफळ
उंबरा नाही. काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे, फरशीला लेव्हल. चाकं ठीक आहेत हो!

सर्किटवाला
मग तिथेच पाणी मुरतंय. खाली इन्फ्रारेडचे क्लिफ सेन्सर असतील, पायरीवरून पडू नये म्हणून प्रकाश टाकून खाली जमीन आहे का बघणारे. पॉलिश केलेला काळा दगड प्रकाश परत पाठवत नाही, रोबोटला वाटतं पुढे खड्डा आहे.

जुगाडू_नं१
सेन्सरवर पांढरी टेप चिकटवा, विषय संपला. आमच्या व्हॅक्यूम रोबोटला तेच केलंय.

सर्किटवाला
आणि जिना आला की? खाली पोचेल तो, थेट. तिरफळ, खालच्या बाजूला अल्ट्रासॉनिक सेन्सर लाव, तो आवाजाने अंतर मोजतो, त्याला रंगाशी घेणं नाही. एचसी-एसआर०४ हा सेन्सर घेतलास तर त्याला किमान २ सेंमी अंतर लागतं, फरशीला चिकटवून बसवू नकोस. चटईवर मात्र तपासून बघ, मऊ वस्तू आवाज शोषते.

जुगाडू_नं१
आमच्याकडे जिनाच नाही. प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे.

सुलभा_त
व्हॅक्यूमचं निघालंच आहे तर सांगते, ब्रशमध्ये केस अडकतात त्याला कात्रीपेक्षा शिवण उसवायचं हत्यार चांगलं.

खवचट_काका
त्यापेक्षा मावशींना हजार रुपये वाढवून द्या, त्या पाणीही देतात आणि गप्पाही मारतात.

देवगडकर
टॉवेलकडे कुणी बघतच नाहीये. नेमका कशावर टाकते? ट्रेवर की टॅबवर?

तिरफळ
टॅबवर. चेहरा आवडत नसेल. सील प्राण्याचा चेहरा लावू का, जपानच्या पारो रोबोटसारखा? कुत्रा-मांजर केलं की लोक खऱ्याशी तुलना करतात, सील कुणी पाळलेला नसतो, म्हणून त्यांनी तो निवडला.

देवगडकर
टॅबचा कॅमेरा चालू असतो?

तिरफळ
नेव्हिगेशनला लागतो. रेकॉर्ड काहीच होत नाही.

देवगडकर
ते आजीला कसं कळणार? ती त्याच खोलीत साडी नेसते, औषध लावते. चाचणीला दिलेल्या व्हॅक्यूम रोबोटने बाथरूममध्ये टिपलेले फोटो फेसबुकवर गेल्याची बातमी २०२२ मध्ये आलीच होती. सील लावलास तर सीलवर टॉवेल पडेल. कॅमेऱ्याला हाताने सरकवायचं झाकण दे, लांबून दिसेल असं. आणि तो आपणहून खोलीत शिरतो का?

तिरफळ
हो, गोळीची वेळ झाली की.

देवगडकर
दारात थांबून आवाज देऊ दे. 'ये' म्हटल्यावर आत.

मीनल_ठाणे
ट्रेमध्ये गोळ्या भरतं कोण?

तिरफळ
आई. ऑफिसला जायच्या आधी.

मीनल_ठाणे
मग तिने कॉटशेजारच्या स्टुलावरच ठेवल्या तर?

तिरफळ
...

सर्किटवाला
मीनलताई, सोमवारी डेमो आहे त्याचा.

मीनल_ठाणे
म्हणूनच आज विचारलं. आजी दिवसभरात कशाकशासाठी उठते ते विचार तिला.

तिरफळ
आत्ता फोन केला. म्हणाली, मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला असतो, वाजला की धावावं लागतं आणि पोचेपर्यंत बंद होतो. तेवढं करता येईल, मोबाइल ट्रेमध्येच चार्जिंगला ठेवतो, रिंग वाजली की रोबोट दारापर्यंत आणेल. सर्किटवाला, रिंग ओळखायला साधा साउंड सेन्सर पुरेल की ब्लूटूथ?

जुगाडू_नं१
आजीच्या गळ्यात मोबाइलचं पाऊच अडकवा.

सर्किटवाला
ब्लूटूथ. साउंड सेन्सर कुकरच्या शिट्टीलाही पळेल.